शाळा कोणाच्या बळावर चालते?

देशांतील सार्वजनिक शाळा कशानें यशस्वी होतात, हा प्रश्न अलीकडे आमच्या विद्वानांच्या सभांतून वारंवार निघतो, आणि निघाला म्हणजे त्याचें उत्तर शोधण्यासाठीं सारे फिनलंडास जातात. फिनलंडाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत त्या लहानशा राष्ट्रानें श्रीमंत व गरीब अशा दोन्ही घरच्या मुलांस एकाच शाळेंत बसविलें आणि शिक्षकाची विद्या विद्यापीठाच्या तोलाची केली, ही गोष्ट अनुकरणीय आहे यांत शंका नाहीं. पण घरच्या परसांत विहीर असतां घागर घेऊन परमुलखाची नदी धुंडाळीत हिंडणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. शाळा कशानें उभी राहते व कशानें खचते, याचा शंभराहून अधिक वर्षांचा दाखला सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत आमच्या डोळ्यांसमोर आहे. हे दोन जिल्हे म्हणजे बहुतांशीं एकाच घराचे दोन सोपे होत. १९४९ सालीं जुन्या साताऱ्यांतून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा काढिला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. या घराची जमाखर्चाची वही एकदां उघडून पाहावी, असा आमचा आजचा बेत आहे.

प्रथम कायद्याविषयीं. कायदा केला कीं शिक्षण पसरतें अशी एक भोळी समजूत आहे, आणि कायद्यानें कांहींच होत नाहीं अशी दुसरी एक आळशी समजूत आहे. दोन्ही खोट्या. जपानच्या सरकारनें १८७२ सालीं सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचें फर्मान काढिलें, तेव्हां तेथील शेतकऱ्यांनीं कित्येक ठिकाणीं शाळाच जाळल्या; कारण फी द्यावयाची ती त्यांनीं, आणि शेतावरचा हात जावयाचा तोहि त्यांचाच. १९०० सालीं प्राथमिक शाळांची फी उठली आणि मग तेथें शिक्षण घरोघर पोंचलें. आमच्याकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत व १९०६ सालीं सर्व संस्थानांत सक्ती केली. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं हुकूम काढून मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकांस दरमहा १ रुपया दंड बसविला. त्याच काळांत ब्रिटिश मुलखांत ना. गोखल्यांचें सक्तीच्या शिक्षणाचें बिल १९१२ सालीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत ३८ विरुद्ध १३ मतांनीं आपटलें, आणि तें आपटविण्यास सरकारी अंमलदारांइतकेच आमचे कित्येक जमीनदारहि उत्सुक होते. शेताचा गडी शिकला तर नांगर कोण धरणार, ही त्यांची भीति. ती भीति आज अगदींच मेली आहे असें आम्हांस वाटत नाहीं; तिनें वेष मात्र पालटला आहे.

पैसा कोणाचा आणि तो खर्चावयाचा कोणावर, हा प्रश्न निर्भीडपणें विचारणारा पुरुष मूळचा याच मातीचा. जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचें गांव खटाव तालुक्यांतील कटगुण. आणि ज्या सावित्रीबाईंनीं पुण्यांत मुलींस शिकविण्याचें व्रत घेतलें त्यांचें माहेर खंडाळा तालुक्यांतील नायगांव. १८८२ सालीं हंटर कमिशनास दिलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं साफ सांगितलें कीं, सरकारचा वसूल येतो तो रयतेच्या घामांतून आणि विद्येच्या नांवानें खर्च होतो तो वरच्या वर्गांवर. म्हणून बाराव्या वर्षापर्यंतचें शिक्षण सक्तीचें करा आणि खेड्यांतील पंतोजी शक्य तों शेतकरी वर्गांतून घ्या, जो वेळ पडल्यास नांगर धरील, सुताराची वाकसहि हातीं घेईल. याहून नेमकें शिक्षणशास्त्र आम्हांस कोणत्याहि परदेशी अहवालांत आढळलेलें नाहीं.

शाळेचें दार उघडें असणें आणि शाळा आपली असणें यांत केवढें अंतर असतें, हें साताऱ्याच्या राजवाड्यांतील जुन्या सरकारी शाळेस विचारावें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं तेथें भीमराव आंबेडकर या मुलाचें नांव दाखल झालें. नांव दाखल झालें खरें. पण शाळकरी वयांत वर्गांत वेगळें बसावयाचें आणि तहान लागली तर दुसरा कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहावयाची, असा अनुभव त्या मुलाच्या वांट्यास आला. पुढें त्याच मुलानें देशाच्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचें अध्यक्षपद भूषविलें, म्हणून आज महाराष्ट्र तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. परंतु त्याच्याप्रमाणें वेगळीं बसून जीं मुलें चार महिन्यांत कंटाळून घरीं गेलीं, त्यांचा दिवस कोणी पाळीत नाहीं, आणि शाळेच्या यशाचा हिशेब खरें पाहतां त्यांच्यापासून सुरू झाला पाहिजे.

या घरीं गेलेल्या मुलांच्या मागोमाग जो मनुष्य गेला तो स्वतः मॅट्रिकहि झालेला नव्हता. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कुंभोज येथें झाला. घराणें वाळवें तालुक्यांतील ऐतवडे बुद्रुकचें. मुलांच्या शिकवण्या कराव्या, ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकावा, किर्लोस्करांचे नांगर गांवोगांव खपवावे, असा त्यांचा आरंभींचा व्यवसाय. आमच्या समजुतीनें हेंच त्यांचें खरें ट्रेनिंग कॉलेज होय. नांगर विकणाऱ्यास शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावें लागतें. त्याच्या कणगींत दाणा किती आणि सावकाराच्या वहींत कर्ज किती हें त्यास कळतें. आणि त्याचा पोर पाटी सोडून गुरांमागें कां हिंडतो याचें कारण पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं तिचें बिऱ्हाड साताऱ्यास आलें.

शिक्षण खात्याचा हिशेब शाळेच्या इमारतीपासून सुरू होतो. भाऊरावांचा हिशेब चुलीपासून सुरू झाला, आणि दोहोंतील सारा फरक येथेंच आहे. खेड्यांत चौथीपुढें शाळा नाहीं. शहरांत शाळा आहे तर राहावयास जागा नाहीं. जागा मिळाली तर भाकरी नाहीं. आणि भाकरी मिळाली तर ती कोणाच्या पंक्तीस बसून खावयाची हा प्रश्न पुढें उभाच. हे चारहि प्रश्न त्यांनीं एका वसतिगृहांत सोडविले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ज्या जातीचें मूल येईल त्यानें येथें एका चुलीवर रांधावें, एका पंक्तीस जेवावें, पाणी भरावें, लांकूड फोडावें आणि मग शाळेंत जावें. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहास श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस हें नांव मिळालें. खर्च कसा चाले म्हणाल, तर गांवोगांवच्या बाया दळतांना एक मूठ धान्य बाजूस काढून ठेवीत आणि तें गोळा होऊन साताऱ्यास येई. याचें नांव मुष्टिफंड. ज्या घरानें मूठभर जोंधळे दिले त्या घरास ती शाळा आपली वाटूं लागली, आणि शाळेंत काय चाललें आहे हें विचारण्याचा हक्कहि त्या घरास मिळाला. करानें पैसा मिळतो, हा हक्काचा जिव्हाळा मिळत नाहीं. एकदां मुलांच्या जेवणाची पंचाईत पडली तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि, काढून दिलें. १९३० सालीं त्या वारल्या. संस्थेच्या देणगीदारांच्या यादींत राजेमहाराजांचीं नांवें आहेत. आमच्या मतें या बाईचें नांव त्या सर्वांच्या वर पाहिजे.

पोटाची सोय झाली तरी शिकविणारा कोठून आणावयाचा? शहरांतून नेमून आलेला मास्तर शनिवारीं दुपारीं गांव सोडतो आणि सोमवारीं ऊन डोक्यावर आल्यावर परततो, हें दृश्य आजचें नव्हे. त्यावर भाऊरावांनीं १९३५ सालीं साताऱ्यास खेड्यांसाठीं शिक्षक तयार करणारें अध्यापक विद्यालय काढिलें. १९३७ सालीं मुंबई इलाख्यांत लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलें आणि खाजगी प्रयत्नानें चालणाऱ्या प्राथमिक शाळांस उत्तेजन देण्याचें धोरण ठरलें. तेव्हां ज्या गांवांत सरकारची शाळा कधींच पोंचली नव्हती अशा डोंगरकपारींत या संस्थेनें पांचशेंहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालविल्या. कोठें देवळाच्या ओवरींत, कोठें चावडींत, कोठें कोणाच्या गोठ्याशेजारीं. इमारतीवांचून शाळा अडते, असें जे आज सांगतात त्यांनीं हा इतिहास वाचावा. शिक्षकावांचून मात्र ती एक दिवसहि चालत नाहीं. १९४० सालीं महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें. तेथें मुलानें शेतावर, बागेंत, बांधकामावर श्रम करावे आणि फीवांचून शिकावें असा नियम होता. १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज झालें. १९४८ सालीं सरकारच्या नाराजीमुळें संस्थेचें अनुदान थांबलें, तरी काम थांबलें नाहीं. लोकांनीं आणि गाडगे महाराजांसारख्या संतानें त्या वेळीं तिला हात दिला. ९ मे १९५९ रोजीं भाऊराव निवर्तले.

हें सर्व आम्ही विस्तारानें लिहिलें तें पुतळ्यास आणखी एक हार घालावा म्हणून नव्हे. हार घालण्यांत आमचे पुढारी कोठेंच कमी पडत नाहींत. लिहावयाचें कारण असें कीं, पुढें सरकारनें हें ओझें आपल्या खांद्यावर घेतलें तेव्हां या कामांतील कोणतें अंग उचललें आणि कोणतें टाकून दिलें, हें पाहावयास हवें.

उचललें तें थोडें नव्हे, हें कबूल केलें पाहिजे. देवराष्ट्रें येथें जन्मलेल्या आणि कऱ्हाडास शिकलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळानें १९५९ सालीं वार्षिक ९०० रुपयांहून कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांस फी माफ केली, आणि लौकरच ती मर्यादा १२०० रुपयांवर नेली. त्या एका ठरावानें जितकीं शेतकऱ्यांचीं मुलें कॉलेजांत पोंचलीं तितकीं शंभर व्याख्यानांनीं पोंचलीं नसतीं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्या हातीं गेल्या. वाडीवस्तीवर शाळा झाली, दुपारीं खिचडी मिळूं लागली, पुस्तकें फुकट मिळूं लागलीं. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचें शिक्षण हें उपकार नसून देणें ठरलें.

सरकारी शाळा चांगली चालूं शकत नाहीं, असें म्हणणाऱ्यांसाठीं एक अलीकडची गोष्ट. सातारा तालुक्यांतील कुमठे बीटांत सुमारें चाळीस जिल्हा परिषद शाळा आहेत. तेथें विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या हाताखालचे शिक्षक यांनीं घोकंपट्टी बाजूस ठेविली. जमिनीवर रंगानें आंकडे व अक्षरें काढिलीं; खडे, काड्या, चिंचोके मुलांच्या हातीं दिले; आणि मूल स्वतः काय जुळवितें हें पाहून त्याप्रमाणें शिकविणें आरंभिलें. नव्या इमारती बांधल्या नाहींत, परदेशी तज्ज्ञ आणले नाहींत. राज्यांतील हजारों शिक्षक ते वर्ग पाहून गेले आणि २०१५ च्या जूनमध्यें सरकारनें जो प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र नांवाचा कार्यक्रम काढिला त्यास या शाळांचा अनुभव मोठा आधार झाला. यांतील मर्म आमच्या मतें असें आहे कीं, येथें तपासणीस येणारा अधिकारी दप्तर तपासण्यास आला नाहीं, शिक्षकाजवळ बसून शिकविण्यास आला. आमचा सरासरी शिक्षक आज शिकविण्यापेक्षां माहिती भरण्यांत अधिक वेळ घालवितो. निवडणूक त्याची, जनगणना त्याची, मोबाइलवरच्या ॲपांत फोटो चढविणें त्याचें, खिचडीच्या तांदळाचा हिशेबहि त्याचाच. कारकुनी करून घ्यावयाची आणि मग मुलास भागाकार येत नाहीं म्हणून मास्तरास बोल लावावयाचा, हा कोणता न्याय?

आतां टाकून दिलें तें सांगतों. भाऊरावांच्या पंक्तीस सर्व जातींचीं मुलें बसत. आमच्या आजच्या सार्वजनिक शाळेच्या पंक्तींतून जो तो ऐपतीप्रमाणें उठून गेला आहे. तालुक्याच्या गांवीं पिंवळी बस सकाळीं वाडीवर येते आणि ज्याचे दोन पैसे सुटतात त्याचें मूल इंग्रजी शाळेंत घेऊन जाते. आम्ही त्या आईबापांस दोष देत नाहीं. आपल्या मुलाचें बरें कोणास नको? पण जिल्हा परिषदेचा सभासद, कारखान्याचा संचालक, ग्रामसेवक, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण त्याच शाळेंतील शिक्षक, यांचीं मुलें जेव्हां गांवच्या शाळेंत नसतात, तेव्हां त्या शाळेचें छप्पर गळलें तर ओरडणारा कोण उरतो? ज्याचा आवाज कचेरींत ऐकूं जातो त्याचें मूल तेथें नाहीं, आणि ज्याचें मूल तेथें आहे त्याचा आवाज कचेरींत जात नाहीं. फिनलंडाच्या यशाचें रहस्य शोधावयास गेलेल्यांनीं एवढें एकच बघून यावें: तेथें मंत्र्याचें मूल आणि मोलकरणीचें मूल एका बांकावर बसण्याची सोय पूर्वीं केली, नंतर गुणवत्तेच्या गोष्टी केल्या. जे लोकांच्या शाळेचा कारभार पाहतात व तिचा पगार खातात, त्यांनीं आपलीं मुलें तिच्यांत घालावीं, असा दंडक जिल्हा परिषदेनें स्वतःच्या सभासदांपासून घालून द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. हें मत पुष्कळांस रुचणार नाहीं.

पंक्ति मोडली म्हणजे पट कमी होतो, आणि पट कमी झाला म्हणजे सरकारास काटकसर सुचते. २०२३ सालीं वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार सरकारनें पुढें मांडिला. २०२४ च्या सप्टेंबरांत अशा लहान शाळांतील दोन शिक्षकांपैकीं एकाच्या जागीं कंत्राटी माणूस नेमण्याचा ठराव निघाला. शिक्षकांनीं मोर्चे काढिल्यावर त्यांत फेरफार झाले. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या परिशिष्टांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असें लिहिलेलें आहे, पट वीस असला तर दीड शिक्षक असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. काटकसरीचा पक्ष घेणारे म्हणतात कीं, आठ मुलांच्या शाळेपेक्षां ऐंशी मुलांची शाळा अधिक चांगली. मुलांस सोबत मिळते, ग्रंथालय मिळतें, खेळावयास मैदान मिळतें. सपाटीवरच्या गांवीं, जेथें पक्की सडक आहे व वाहन खात्रीनें येतें, तेथें या म्हणण्यांत तथ्य आहे आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पाटण, जावळी व महाबळेश्वर या तालुक्यांचा नकाशा मंत्रालयांतील टेबलावर सपाट दिसतो म्हणून डोंगर सपाट होत नाहींत.

जावळी तालुक्यांत कोयनेच्या जलाशयाकांठीं खिरखंडी नांवाचें गांव आहे. तेथील मुली स्वतः होडी वल्हवून पाणी ओलांडीत आणि पलीकडे दाट रानांतून पायीं चालून अंधारीच्या शाळेंत पोंचत. ही हकीकत वर्तमानपत्रांत आली तेव्हां २०२२ च्या जानेवारींत मुंबई हायकोर्टानें आपण होऊन तिची दखल घेतली. ज्या धरणानें साऱ्या महाराष्ट्राच्या गिरण्या व घरें उजळलीं, त्या धरणाच्या पाण्यानें या मुलींची वाट तोडली. त्या पाण्यावर पूल किंवा कांठावर वसतिगृह बांधून देणें हें तिचें देणें होतें, आणि त्यासाठीं न्यायमूर्तींस वर्तमानपत्र वाचावें लागलें. शाळा दूर नेली तर मुलगा कदाचित् जाईल. मुलगी घरीं बसेल, आणि दोन वर्षांनीं तिच्या लग्नाची पत्रिका निघेल. शाळा जोडण्याच्या ठरावावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यानें एका पावसाळी सकाळीं ती वाट स्वतः चालून पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.

सांगलीच्या टोंकास जत तालुक्यांत अडचण निराळी आहे. पूर्वेकडील गांवांत घरची भाषा कानडी, म्हणून तेथें जिल्हा परिषदेच्याच कानडी शाळा आहेत. २०२४ सालीं त्यांतील कांहीं शाळांवर कानडी न जाणणारे शिक्षक नेमल्याची तक्रार उठली. सीमेच्या वादाचा धूर या प्रश्नांत मिसळूं नये. बेळगांवच्या मराठी मुलास मराठीतून शिकावयास मिळावें असें जो म्हणतो त्यानें जतच्या कानडी मुलासाठीं तेंच म्हटलें पाहिजे; नाहींतर त्याच्या म्हणण्याची किंमत शून्य.

आणि ज्या मुलांस गांवच नाहीं त्यांचें काय? दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या कोरड्या मुलखांतून ऊसतोडीचे मजूर कृष्णा-वारणेच्या कांठीं येतात. पांच-सहा महिने त्यांचा मुक्काम पाचटाच्या कोपींत असतो. आई-बाप पहांटे फडांत जातात. थोरली मुलगी धाकट्यास सांभाळते. तिच्या गांवीं तिचें नांव पटावर असतें, आणि ती असते वाळव्याच्या किंवा कऱ्हाडच्या शिवारांत. मध्यंतरीं साखरशाळा निघाल्या, त्यांतून थोडेंबहुत काम झालें. पुढें मुलांस गांवींच ठेवण्यासाठीं हंगामी वसतिगृहांची योजना आली. तरी फडावर मुलें दिसतातच, आणि तीं दिसतात तीं नेमकीं त्या जिल्ह्यांत, जेथें भाऊरावांनीं परक्याचें मूल घरीं आणून जेवूं घातलें. सहकाराचा आणि शिक्षणाचा अभिमान एका श्वासांत सांगणाऱ्या या मुलखास हें शोभत नाहीं.

उपाय अवघड नाहीं. कोणत्या मुकादमाकडून किती कोयते यावयाचे याची नोंद हंगामापूर्वींच कारखान्याच्या शेतकी खात्यांत झालेली असते. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी हें तेथील कारकुनास पक्कें ठाऊक आहे. त्या नोंदींत मुलांचीं नांवें व इयत्ता यांसाठीं एक रकाना वाढवावा. गाळप सुरू होण्यापूर्वीं पंधरा दिवस ती यादी गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे धाडावी; जवळच्या जिल्हा परिषद शाळेनें त्या मुलांस दाखल्याची वाट न पाहतां वर्गांत बसवावें; धाकट्या भावंडासाठीं कोपींच्या तळावर कारखान्यानें पाळणाघराची एक बाई नेमावी, म्हणजे थोरली बहीण मोकळी होईल; आणि पट्टा पडल्यावर मुलाची हजेरी व प्रगति मूळ गांवच्या शाळेस कळवावी. सातारा व सांगली येथील बहुतेक सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरच्या सुमारास भरतात. सभासदांनीं भाव विचारून झाल्यावर हा ठराव तेथें मांडावा आणि चेअरमनसाहेबांनीं तो त्याच बैठकींत मताला टाकावा.